पहिली ड्युएथलॉन: आठ आठवडे, हायब्रिड सायकल आणि दुसरी धाव

बार्देशची धावणारी

नमस्कार मंडळी. डिसेंबरमध्ये पणजीत एक छोटी, स्थानिक पातळीवरची ड्युएथलॉन आहे. अंतर स्प्रिंटचे: ५ किमी धाव, २० किमी सायकल, शेवटी २.५ किमी धाव. सायकलचा मार्ग मिरामार-दोनापावला पट्ट्यात, ५ किमीच्या चार फेऱ्या, म्हणजे माघारी वळणे भरपूर. हातात आठ आठवडे आहेत.

सध्याची स्थिती अशी. नुसते ५ किमी २८ मिनिटांत धावते. सायकल हायब्रिड, टायर ७००×३५ (३५ मिमी रुंद) आणि खोल खाचांचे, पॅडल साधी. सपाटीवर ताशी २४ किमीचा वेग तासभर धरता येतो. वजन ५८ किलो. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या केल्या तर काहीच त्रास नाही, पण सायकलवरून उतरून लगेच धावायला गेले की पाय लाकडाचे होतात.

तर पहिली धाव किती वेगाने धावावी? सायकलवर पैसे कुठे घालावेत आणि कुठे घालू नयेत? बूट बदलायचे की त्याच बुटांत सगळे उरकायचे? "सुरुवात सावकाश करा" हे सगळेच सांगतात. सावकाश म्हणजे किती, ते जाणकारांनी आकड्यांत सांगितले तर बरे होईल.

तिसवाडीकर

ताई, २८ मिनिटांत ५ किमी म्हणजे किलोमीटरला ५:३६. स्पर्धेत पहिली धाव किलोमीटरला ५:४५ ते ५:५० ने धावा. एकूण २९ मिनिटे. ताज्या पायांनी जे जमते त्यापेक्षा जेमतेम एक मिनिट जास्त. ते एक मिनिट वाचवायच्या मागे लागू नका. पहिल्या धावेतली घाई सायकलच्या चौथ्या फेरीपर्यंत लपून राहते आणि दुसऱ्या धावेत व्याजासकट वसूल होते. ड्युएथलॉनमध्ये क्रमांक ठरतो तो त्या शेवटच्या अडीच किलोमीटरांत.

सगळ्यात फसवा पहिला किलोमीटर. सुटताना गर्दी ओढून नेते, हवा गार असते, पाय हलके वाटतात. पहिल्या किलोमीटरला घड्याळाने ५:५५ दाखवले तरी चालेल. ५:३० दाखवले तर तिथल्या तिथे वेग उतरवा, पुढे कधीतरी भरून निघेल असे समजू नका. घड्याळ नसेल तर कसोटी साधी आहे: चार-पाच शब्दांचे वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे.

नाडीच्या ठोक्यांवर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकत नाही. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळते, घामाने रक्तातले पाणी घटते, आणि वेग तोच असूनही अर्ध्या तासाने ठोके चढलेले दिसतात. ते पाहून लोक उगाच घाबरतात. वेग आणि श्वास, या दोन गोष्टींवर चाला.

सायकल ५० मिनिटांची धरा. पॅडलचे फेरे मिनिटाला ८५ ते ९०. हायब्रिड चालवणाऱ्यांना बहुधा जड गिअरात ६५-७० ने रेटायची सवय असते. वेग तोच मिळतो, पण प्रत्येक फेऱ्याला मांडीच्या पुढच्या स्नायूवर जास्त जोर पडतो, आणि धावायला तोच स्नायू लागणार असतो. शेवटच्या फेरीतल्या शेवटच्या किलोमीटरला एक-दोन गिअर हलके करून ९५ च्या आसपास फिरवा. दोनदा सीटवरून उठून कंबर पुढे काढा.

पाय लाकडाचे का होतात, तेही समजून घ्या. सायकलवर कंबरेपुढचे स्नायू ५० मिनिटे आखडलेल्या स्थितीत असतात. मांड्या फक्त ढकलतात, जमिनीचा धक्का त्यांना झेलावा लागत नाही. धावताना प्रत्येक पावलाला त्याच मांड्यांना ताणले जाता जाता भार पेलायचा असतो. हे काम वेगळे आहे आणि शरीराला त्यावर यायला थोडा वेळ लागतो. सरावाने हा काळ कमी होतो, अजिबात जात नाही. दुसरे कारण डोळ्यांचे. ताशी २४ च्या वेगावरून उतरल्यावर धावण्याचा वेग रांगल्यासारखा वाटतो, म्हणून माणूस नकळत जोरात सुटतो आणि ८०० मीटरवर अडकतो. पहिले ४०० मीटर पावले मुद्दाम आखूड आणि भरभर टाका, मिनिटाला १७० ते १८०. मग हळूहळू पाऊल मोकळे करा. लक्ष्य किलोमीटरला ५:५० ते ६:००, एकूण १५ मिनिटे.

बेरीज: २९ + दीड + ५० + एक + १५. साधारण १ तास ३७ मिनिटे. बूट-हेल्मेटची जागा, म्हणजे ट्रान्झिशन, यात अडीच मिनिटांची धरली आहे. सरावाविना तिथे चार-पाच मिनिटे सहज जातात.

स्पॅनर फोंडा

सायकलचे मी सांगतो. सगळ्यात आधी ते खाचांचे टायर काढा. डांबरावर त्या खाचा दबतात, वाकतात आणि तुमची ताकद तिथे वाया जाते. ७००×३२ किंवा ७००×२८ चे गुळगुळीत टायर घ्या. रिमची आतली रुंदी १७ ते १९ मिमी असेल तर २८ पासून ३५ पर्यंत सगळे बसतात. गोव्यातले गतिरोधक आणि पावसाळ्यानंतरचे खड्डे पाहता मी ३२ च सुचवेन. तुमच्या वजनाला ३२ मध्ये पुढे ५० आणि मागे ५५ पीएसआय हवा, २८ मध्ये पुढे ६५ आणि मागे ७०. दगडासारखी टणक हवा भरली की वेग वाढतो हा समज खोटा आहे. खडबडीत रस्त्यावर टायर उड्या मारतो आणि वेग उलट कमी होतो. फार कमी भरली तर खड्ड्यात ट्यूब रिम आणि रस्त्यामध्ये चिमटली जाते. ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोके दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती एवढेच.

टायरनंतर सीटची उंची, तिला पैसे लागत नाहीत. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, पुस्तक दोन पायांच्या मध्ये वर दाबून धरा आणि जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्या मापाला ०.८८३ ने गुणा. पॅडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात (बॉटम ब्रॅकेट), त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढे अंतर ठेवा. माप ७४ सेमी असेल तर ६५.३ सेमी. ही सुरुवात. नंतर पाच-पाच मिमी वरखाली करून बघा. सीट खाली असली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखते आणि मांड्या लवकर भरून येतात. तुमच्या लाकडी पायांमागे हेही कारण असू शकते.

चेन मोजून घ्या. बारा पूर्ण कड्या म्हणजे बरोबर १२ इंच, पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत. दीड मिमी जास्त भरले तर चेन बदला. तीन मिमी जास्त असेल तर मागची कॅसेटही (दातेरी चक्रांचा संच) गेली समजा, नुसती नवी चेन टाकली तर जोर लावताच दात सोडून उडी मारेल. समुद्राकाठी खारी हवा चेनला गंजवते आणि आपली तांबडी धूळ तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी घासते. म्हणून प्रत्येक कडीवर एकच थेंब, दहा मिनिटे थांबून फडक्याने बाहेरचे सगळे तेल पुसून काढा. पावसाळा संपला की जाड वेट तेल सोडून ड्राय तेलावर या.

पुढे झुकून धरायचे, हँडलला लावायचे एरोबार घेऊ नका. फेरीला दोन-दोन माघारी वळणे असलेल्या मार्गावर हात परत ब्रेकवर आणण्यातच वेळ जाईल, शिवाय बऱ्याच स्पर्धांत त्यांना मुभा नसते. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचे मात्र हवीतच. उघड्या नळीचे टोक पडताना पोटात घुसते, म्हणून तपासणीत त्यावरून सायकल अडवतात.

पॅडलला टो-केज, म्हणजे पट्ट्याचा पिंजरा, लावा. पायाचा पंजा जागेवर राहतो आणि धावण्याच्याच बुटांत काम होते.

आणखी एक. शेवटच्या आठवड्यात सायकलवर नवे काही बसवू नका. नवी गिअरची केबल पहिल्या काही फेऱ्यांत बसते आणि सैल होते, गिअर घसरायला लागतात. काय बदलायचे ते तीन आठवडे आधी.

साष्टीकर

स्पॅनर भाऊंचे बाकी सगळे पटते, टो-केजचे नाही. माघारी वळणावर वेग अगदी उतरतो, कधी पुढचा स्पर्धक मध्येच थांबतो, आणि पट्टा आवळलेला पाय वेळेत सुटला नाही की माणूस जागच्या जागी आडवा. आठ आठवड्यांत ती सवय होईल, पण तेवढा वेळ सरावाला द्यायची तयारी असेल तरच. नाहीतर बारीक खिळ्यांची रुंद सपाट पॅडल घ्या. धावण्याच्या बुटाचा तळ त्यावर घट्ट धरून राहतो. पॅडलमध्ये अडकणाऱ्या क्लीटच्या बुटांचा फायदा लांब अंतरात दिसतो. २० किमीत जे मिळते त्यातले बरेचसे दोनदा बूट बदलण्यात परत जाते.

बुटांना ताणणाऱ्या इलॅस्टिकच्या नाड्या घाला. पळताना नाडी सुटून थांबायची वेळ येत नाही.

आता ट्रान्झिशन. इथला एक नियम डोक्यात पक्का बसवा: हेल्मेटचा पट्टा लागलेला असल्याशिवाय सायकलला हात नाही. येताना उलट: सायकल रॅकवर अडकवून हात काढल्यावरच पट्टा सोडायचा. घाईत उतरता उतरताच पट्टा सोडणे ही नवख्यांची नेहमीची चूक, आणि तिला दंड होतो. हेल्मेट उलटे, पट्टे बाहेर पसरून हँडलवर ठेवा. दोन्ही हातांनी उचलले की थेट डोक्यावर येते. सायकल आत ढकलतच न्यायची, चढायचे ते माउंट लाइन ओलांडल्यावर, उतरायचे ते डिसमाउंट लाइनच्या आधी. सीट धरून ढकलत धावायचा सराव करा, हँडल धरून धावले की पॅडल नडगीला लागते. रॅकवर लावतानाच गिअर हलका ठेवा, जड गिअरात सुरुवात केली की पहिल्या दहा मीटरांत सायकल डुलते.

नंबरचा कागद टाचण्यांनी टी-शर्टला लावण्यापेक्षा नंबर-बेल्ट घ्या. सायकलवर नंबर पाठीकडे, धावताना पोटाकडे, हा प्रघात सगळीकडे आहे. बेल्ट फिरवायला दोन सेकंद लागतात. आपली जागा ओळखायला फुगे किंवा रंगीत फडकी बांधू देत नाहीत. धावून येण्याच्या दारापासून रॅकची ओळ मोजा, मग सायकल घेऊन येण्याच्या दारापासून पुन्हा मोजा. दोन दारे बहुतेक वेगळी असतात आणि दमलेल्या डोक्याला दिशा कळत नाही. कानात इअरफोन चालत नाहीत.

मागे लागून सायकल चालवणे, म्हणजे ड्राफ्टिंग, हौशी गटांत सहसा निषिद्ध. वर्ल्ड ट्रायथलॉनच्या नियमांत स्प्रिंट आणि स्टँडर्ड अंतराला पुढच्या सायकलपासून १० मीटर अंतर ठेवायचे, ते मोजायचे तिच्या पुढच्या चाकापासून. त्या पट्ट्यात शिरलात तर २० सेकंदांत ओलांडून पुढे जायचे. तुम्हाला कोणी ओलांडले तर मागे सरकायची जबाबदारी तुमची. स्थानिक आयोजक यात फेरफार करतात, म्हणून त्यांची नियमपत्रिका वाचा. डावीकडून चालवा, उजवीकडून ओलांडा. फेऱ्या मोजायची जबाबदारीही स्पर्धकाची. चौथीऐवजी तिसरीला आत वळणारे प्रत्येक स्पर्धेत निघतात आणि बाद होतात. हँडलवर चिकटपट्टीचे चार तुकडे लावा, फेरी झाली की एक काढा आणि खिशात टाका. रस्त्यावर कचरा टाकण्यालाही दंड असतो.

माघारी वळण: ब्रेक वळणाच्या आधी, सरळ चालताना. गिअरही आधीच दोन दात हलका. वळताना आतल्या बाजूचे पॅडल वर, बाहेरच्या पायावर वजन, नजर शंकूकडे नको, जिथे बाहेर पडायचे तिकडे. शंकूकडे पाहत राहिलात तर सायकल शंकूवरच जाते. रिकाम्या पार्किंगमध्ये दोन बाटल्या ठेवून उजवीकडचे वळण आठवड्यातून एकदा वीस वेळा घ्या. चार फेऱ्यांत आठ-एक वळणे, प्रत्येकी तीन-चार सेकंद वाचले तरी अर्धे मिनिट, तेही दम न लागता.

बार्देशची धावणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. सपाट पॅडल घेते. आता दोन गोष्टी राहिल्या. पाणी-मीठ-खाणे, कारण घाम फार येतो आणि पोटऱ्यांत गोळे येतात. आणि आठवड्यांचा आराखडा. म्हापशाच्या बाजूने सराव कुठे करावा तेही सांगा.

घामाचा हिशेब

आधी घाम मोजा. तासभर धावण्याआधी कमीत कमी कपड्यांत वजन करा, परत आल्यावर अंग पुसून पुन्हा करा. समजा ५८.० चे ५७.२ झाले आणि वाटेत ४०० मिली प्यायलात, तर घाम १.२ लिटर. एक किलो म्हणजे ढोबळमानाने एक लिटर. हे ऑक्टोबरच्या उकाड्यात एकदा आणि नोव्हेंबरच्या शेवटी एकदा करा, आकडा बदलेल.

गेलेले सगळे पाणी भरून काढायची गरज नाही. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत घट, म्हणजे तुमच्या बाबतीत साधारण १.१५ किलोच्या आत, एवढ्या वेळाच्या स्पर्धेत चालते. १ तास ३७ मिनिटांत १.९ लिटर घाम गेला, सायकलवर ७५० मिलीची एक बाटली आणि दोन्ही धावांत मिळून दोन पेले पाणी घेतले की तुम्ही त्या मर्यादेत राहता. पोट डचमळेपर्यंत साधे पाणी पीत राहणे धोक्याचे असते. रक्तातले सोडियम पातळ होते, डोके दुखते, मळमळते, आणि माणसाला वाटते अजून पाणी कमी पडले.

बाटलीत ७५० मिली पाणी, साखर तीन मोठे चमचे (सुमारे ३६ ग्रॅम), मीठ पाव चहाच्या चमच्याला थोडे कमी, अर्धे लिंबू. कोकम हवे असेल तर आगळ वापरताना मीठ घालू नका, आगळात ते आधीच भरपूर असते. चव घेऊन ठरवा. शहाळ्याचे पाणी उत्तम, पण त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम कमी. घामातून मुख्यतः सोडियम जाते, त्यामुळे शहाळ्यात चिमूटभर मीठ घातल्याशिवाय ते पुरत नाही. ओआरएसची एक लिटरची पुडी जुलाबासाठी बनवलेली आहे, स्पर्धेत ती दोन लिटर पाण्यात घातली तरी सोडियम पुरेसे होते. बाटली माघारी वळणाला वेग कमी असताना काढू नका, त्या वेळी दोन्ही हात ब्रेकवर हवेत. वळण घेऊन सरळ रस्त्याला लागलात की दोन घोट, प्रत्येक फेरीला दोन वेळा.

गोळ्यांबद्दल: नुसत्या मिठाने ते थांबत नाहीत. सरावापेक्षा जास्त वेगाने वापरलेला, दमलेला स्नायू हे मोठे कारण. तिसवाडीकरांनी दिलेला पहिल्या धावेचा वेग पाळलात तर अर्धे गोळे तिथेच कमी होतील. आला तर थांबून पायाचा पंजा नडगीकडे ओढून २०-३० सेकंद धरा, झटके देऊ नका.

सकाळी ६:३० ला सुरुवात असेल तर ४ वाजता खा. दोन उंडे (गोल पाव) जॅम लावून आणि एक केळे, एवढ्यात साधारण ९० ग्रॅम कर्बोदके होतात आणि ५८ किलोला ती पुरतात. पोई (कोंड्याचा पाव) त्या दिवशी नको. रोजच्या खाण्याला ती चांगली, पण धावताना तोच कोंडा पोटात त्रास देतो. आदल्या रात्री सवयीचे हुमण-भात (माशाची आमटी आणि भात) चालेल, तेल-तिखट बेताचे. शाकुतीसारखे मसालेदार रस्से दुसऱ्या दिवशी दुपारी. स्पर्धा संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात उकड्या तांदळाची पेज, मीठ, लोणचे आणि सोबत दोन अंडी किंवा उसळ. पाणी, मीठ, भात एकाच वाटीत मिळते.

एक गंभीर गोष्ट. कोणी स्पर्धक झोकांड्या खात असेल, विचारल्यावर असंबद्ध बोलत असेल, तर तो थकवा समजू नका. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो. सावलीत आडवे करा, अंगावर मिळेल ते गार पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. गाडीची वाट पाहत थंड करणे थांबवायचे नाही. आपला वेळ गेला तर जाऊ द्या.

तिसवाडीकर

आराखडा देतो. आठवड्याला पाच दिवस, त्यात एक ब्रिक, म्हणजे सायकल आणि धाव मध्ये न थांबता. बाकी चारांत एक वेगाची धाव (८०० मीटर पाच वेळा, किलोमीटरला ५:२० ने, मध्ये दोन मिनिटे चाल), एक सावकाश ७-८ किमी धाव, एक तासाची सायकल ज्यात ६ मिनिटांचे चार जोरदार तुकडे, आणि एक हलकी सायकल, त्यातच वळणांचा सराव.

ब्रिक असे वाढवा. पहिले दोन आठवडे १५ किमी सायकल आणि लगेच दीड किमी सावकाश धाव. तिसऱ्या-चौथ्यात २ किमी धाव, १५ किमी सायकल, २ किमी धाव. पाचव्यात ३, २० आणि २. सहाव्यात पूर्ण रंगीत तालीम: तेच कपडे, तीच न्याहारी, तीच बाटली, ५-२०-२.५, स्पर्धेच्या वेगापेक्षा थोडे खाली. कुठे घासते, पोटाला काय सोसत नाही, ते त्याच दिवशी कळते आणि सुधारायला वेळ उरतो. सातव्यात २, १० आणि दीड, पण पूर्ण वेगाने. आठव्यात सगळे निम्मे. दोन दिवस आधी पूर्ण विश्रांती, आदल्या दिवशी १५ मिनिटे सायकल आणि ८०-१०० मीटरच्या चार भरभर धावा, इतकेच. ब्रिक पुढे ढकलायची वेळ आली तर ढकला, वगळू मात्र नका. दुसरे काही वगळा.

जागा. म्हापशाहून पणजीकडे येताना अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे जुन्या पुलावरून या, नाहीतर बेतीहून फेरीबोट घ्या. ब्रिकला रायबंदरचा बांध चांगला. सपाट, एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरे. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणून जुन्या गोव्याकडे जाताना समोरून आणि येताना पाठीवर येतो. जाताना वेग पाहू नका, फेरे पाहा. त्याहून शांत हवे असेल तर रायबंदरहून फेरीबोटीने चोडण, किंवा जुन्या गोव्याहून दिवाडी. दिवाडीला चढही मिळतो. फेरीबोटीच्या धक्क्याच्या उतरणीवर शेवाळ असते, तिथे सायकलवर बसून उतरू नका.

रविवारी पहाटेच्या मिसेच्या (प्रार्थनेच्या) वेळी इगर्जींसमोर (चर्चसमोर) गाड्या आणि माणसे एकदम रस्त्यावर येतात, तिथे वेगाचा तुकडा ठेवू नका. अंधारात गुरे रस्त्यावर बसलेली असतात, डांबर कोरडे आणि उबदार म्हणून. पुढचा दिवा रस्ता दिसेल असा हवा, नुसता लुकलुकणारा नको. सरावात मिरामार-दोनापावलाचा प्रत्यक्ष मार्ग रविवारी उजाडताना दोन-तीनदा घ्या आणि गतिरोधक व झाकणे कुठे आहेत ते डोक्यात ठेवा.

बार्देशची धावणारी

आराखडा छापून भिंतीला लावला. स्पॅनर भाऊ, एकच शेवटचे: ३२ चे टायर आणि ट्यूब आणल्या, पण ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक आहे आणि घरचा पंप त्यावर बसत नाही. पंक्चरसाठी सोबत काय ठेवू तेही सांगा.

स्पॅनर फोंडा

तो प्रेस्टा व्हॉल्व्ह. आधी रिमचे भोक बघा. तुमच्या जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह जाड, मोटारसारखा असेल तर भोक साधारण ८ मिमीचे असते आणि प्रेस्टाला ६ लागते. तसाच बसवला तर व्हॉल्व्ह भोकात हलत राहतो आणि बुडाशी ट्यूब फाटते. तिथे ठिगळ लागत नाही. दुकानातून त्याच मापाची जाड व्हॉल्व्हची ट्यूब बदलून घ्या, ते सगळ्यात सोपे. बदलून मिळत नसेल तर भोकात बसणारे रबरी किंवा धातूचे बूच टाकून घ्या, आणि पंपासाठी प्रेस्टाचे पितळी अडॅप्टर. प्रेस्टात हवा भरण्याआधी टोकाची बारीक चकती सैल करून एकदा दाबायची, फुस्स आवाज आला की मग पंप.

सोबत: एक ट्यूब, टायर काढायचे प्लास्टिकचे दोन लिव्हर, छोटा पंप किंवा १६ ग्रॅमचा सीओटू सिलिंडर. ३२ च्या टायरला तो एक पुरतो. सीओटू रबरातून झिरपते, दुसऱ्या दिवशी टायर बसलेला दिसला तर पंक्चर समजू नका, काढून साधी हवा भरा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा. काच किंवा काटा तिथेच राहिला तर दुसरी ट्यूबही दोन मिनिटांत जाईल. बोट सावकाश फिरवा, काच लागते. आणि मागचे चाक काढायच्या आधी चेन सगळ्यात लहान दातावर आणून ठेवा, म्हणजे परत बसवताना अडत नाही.